भूकंपमापकवाले मूस: कुलाबा ते अलिबाग

संभाजीनगरात आई-बाबांना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेबद्दल विचारा. किल्लारीचा भूकंप म्हटलं की ते लगेच सांगायला लागतील. पण जमिनीचं हलणं आपल्याकडे मोजायला लागले त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, मुंबईत.

नानाभॉय मूस यांचा जन्म १८५९ चा. पुणे आणि एडिनबरा इथे शिकून ते १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्याच काळात तिथे जॉन मिल्न यांचा भूकंपमापक बसला. त्यात एक आडवा लंबक असायचा. जमीन हलली की चौकट हलते, लंबक मात्र जडत्वामुळे मागे राहतो. हा फरक प्रकाशाच्या ठिपक्याने फोटोच्या कागदावर उमटायचा. तुमच्या फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर याच तत्त्वावर चालतो, फक्त त्यातलं वजन डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक.

मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेमुळे वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, पण १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. म्हणून १८४० च्या दशकापासूनची मालिका तुटली नाही. मूस १९३६ मध्ये गेले. अलिबागची वेधशाळा आजही मोजतेय.