अणूचा शोध आणि दुर्लक्षित हर्निया

अर्नेस्ट रुदरफोर्ड यांचा जन्म १८७१ चा, न्यूझीलंडमधला. मँचेस्टरला त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले, मोजके उलटे फिरले. त्यावरून १९११ मध्ये रुदरफोर्ड यांनी सांगितले की, अणू बहुतांशी पोकळ असून जवळजवळ सारे वस्तुमान इवल्याशा केंद्रकात असते.

सूर्याभोवती ग्रह, तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन, हे शाळेतले चित्र यातूनच आले. साम्य मात्र मर्यादित आहे. ग्रहांना गुरुत्वाकर्षण बांधून ठेवते, इलेक्ट्रॉनला विद्युत आकर्षण. शिवाय इलेक्ट्रॉनला ग्रहासारखी आखीव वाट नसते, हे पुढे क्वांटम सिद्धांताने दाखवले.

जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होणार होते. त्याआधीच बेंबीच्या जुन्या हर्नियात आतडे अडकले. शस्त्रक्रिया झाली, तरी १९ ऑक्टोबर १९३७ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले.

तेल्हारा भागातही सोयाबीन निघू द्या, कापूस वेचू द्या म्हणत हर्निया अंगावर काढला जातो. शस्त्रक्रिया वेळेत करून घ्या. फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.