छब्बीस हजार कार्डं आणि एक मामा

सोशॉलॉजी घेतलेल्या पोरांना हे नाव झोपेतही आठवतं. एमिल डरखाईम. आत्महत्येचे चार प्रकार, प्रत्येकाचं एकेक उदाहरण, दहा मार्कांचा प्रश्न. (फ्रेंच लोक त्याला द्युर्केम म्हणतात, पण आपल्या झेरॉक्स नोट्समध्ये तो डरखाईमच आहे, तेव्हा तेच चालू द्या.) परीक्षा संपली की माणूस डोक्यातून जातो. मला मात्र त्याचं पुस्तक वाचण्याआधी त्याचं आयुष्य वाचायला मिळालं, आणि मग त्या चार प्रकारांकडे पूर्वीसारखं पाहता येईना.

जन्म 1858चा. फ्रान्सच्या पूर्वेकडचं एपिनाल नावाचं छोटं गाव. वडील ज्यूंचे धर्मगुरू, आजोबा धर्मगुरू, पणजोबाही तेच. पोरानंही तेच व्हायचं, असं घरात धरून चाललेलं. पोरगा बारा वर्षांचा असताना जर्मनांशी युद्ध झालं, फ्रान्स हरला, गावात परकं सैन्य येऊन बसलं. शाळेत हुशार असलेल्या एमिलनं धर्मगुरू व्हायचं नाही असं ठरवलं आणि पॅरिस गाठलं. तिथल्या एकोल नॉर्माल या कॉलेजात शिरायचं होतं. तेव्हाच्या फ्रान्समध्ये प्राध्यापक व्हायची ती सगळ्यात मानाची वाट.

पहिल्या वर्षी प्रवेश परीक्षेत गेला. दुसऱ्या वर्षी परत गेला. गावात पहिला येणारा मुलगा परक्या शहरात भाड्यानं राहतोय, गावाकडे वडील आजारी, पैशांची ओढाताण, आणि ज्या विषयांवर परीक्षा होती त्या लॅटिन आणि भाषणकलेचा त्याला मनापासून कंटाळा. पुण्यात पेठेतल्या कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट देणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिसऱ्यांदा, 1879मध्ये, तो लागला. पुढे शिक्षक होण्यासाठीची परीक्षाही पास झाला, पण यादीत शेवटून दुसरा. ज्याच्या नावावर पुढे एक अख्खा विषय उभा राहिला, त्याची ही गुणपत्रिका.

त्या कॉलेजात त्याला एक जिवलग मित्र भेटला, व्हिक्टर ओमे. दोघांचा अभ्यास एकत्र, वादविवाद एकत्र. कॉलेज संपल्यावर दोघे वेगवेगळ्या गावांत मास्तर झाले. 1886मध्ये ओमे अचानक गेला. अपघात झाला असं सांगितलं गेलं, आणि मित्रावरच्या मृत्युलेखात एमिलनंही अपघातच लिहिला. ती आत्महत्या असावी असं पुढे काही अभ्यासकांना वाटलं. खरं काय, ते आता कोणी सांगू शकत नाही. असं कोणी गेलं की मागे राहिलेल्यांना हेच तर छळतं. नेमकं काय झालं? आपल्याला आधी कळायला हवं होतं का? या प्रश्नांना उत्तर देणारा माणूसच गेलेला असतो.

त्या मृत्यूमुळेच पुढचं पुस्तक लिहिलं गेलं, असं जोडून टाकायचा मोह होतो. मी तो आवरतोय, कारण तसं त्यानं कुठे म्हटलेलं नाही. पण अकरा वर्षांनी ते पुस्तक आलं, एवढं खरं.

मधल्या काळात लग्न झालं, बोर्दोच्या विद्यापीठात नोकरी लागली, दोन मुलं झाली. आता त्याला अहो-जाहो करायला हवं. डरखाईम सरांच्या डोक्यात एक हट्ट बसला होता. आत्महत्या ही ज्याची त्याची, अगदी आतली गोष्ट, असं सगळे म्हणतात. मग एकेका देशात दरवर्षी आकडा जवळपास तेवढाच कसा राहतो? माणसं तर दरवर्षी वेगळी असतात. म्हणजे माणसाच्या बाहेर, समाजात, काहीतरी आहे, आणि ते मोजता येईल.

मोजणारे ते पहिले नव्हते. इटलीतल्या मोर्सेली नावाच्या डॉक्टरनं 1879मध्येच मोठमोठे तक्ते छापले होते. डरखाईमना त्यापेक्षा बारीक माहिती हवी होती. लग्न झालेलं होतं का? मुलं होती का? वय काय? छापील अहवालांत हे एकत्र मिळेना. फ्रान्सच्या न्यायखात्यात सांख्यिकीचे प्रमुख होते गाब्रिएल तार्द. तार्द यांचा सिद्धांत असा की माणसं एकमेकांची नक्कल करतात आणि समाज त्यातूनच चालतो. डरखाईमना तो अजिबात मान्य नव्हता. तरी तार्दनी कागद खुले करून दिले. मग बसला कोण? मार्सेल मोस. डरखाईमच्या बहिणीचा मुलगा, वय विशी-पंचविशीतलं. मामाच्या पुस्तकासाठी या भाच्यानं जवळपास 26 हजार मृतांची नोंद हातानं वेगळी केली. एक माणूस, एक कार्ड. वय, बाई की पुरुष, लग्न, मुलं. मुद्रितं तपासायला डरखाईमच्या पत्नी लुईझ.

1897मध्ये पुस्तक आलं. त्यातून दिसलं ते असं. प्रोटेस्टंट देशांत दहा लाखांमागे सरासरी 190 आत्महत्या, कॅथलिक देशांत 58. लग्न झालेल्यांपेक्षा एकट्यांत प्रमाण जास्त, आणि घरात मुलं असली की ते आणखी खाली. मंदीत आकडा वाढतो हे कोणीही सांगेल, पण अचानक भरभराट झाली तरी वाढतो. कारण दोन्ही वेळा कालपर्यंतचे नियम आज लागू पडत नाहीत. किती मिळालं म्हणजे पुरे, हेच कळेनासं होतं. नोट्समधली ‘अ‍ॅनॉमी’ ती हीच. माणूस आपल्या माणसांत गुंतलेला असेल तर तगण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी प्रवचन न देता तक्त्यांनी दाखवलं. उपाय म्हणूनही उपदेश सुचवला नाही. एकाच कामातल्या माणसांचे गट हवेत, जिथे रोजचा संबंध येतो आणि एकमेकांचं बरंवाईट कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

तुमच्या नोट्समधला चौथा प्रकार, नियमांच्या भिंतीत कोंडलेल्यांचा, मूळ पुस्तकात फक्त एका तळटीपेत आहे. गुलाम, फार लवकर लग्न झालेले नवरे, मूल नसलेल्या बायका. हा प्रकार आता फारसा उरला नाही, असं समजून सरांनी तो तिथे ठेवला. तळटीपेतच ठेवला, हे मला आजही खटकतं.

चुका झाल्याच. कॅथलिक चर्च आत्महत्या केलेल्याला धार्मिक दफन नाकारत असे. मग घरचे लोक खरं कारण सांगतील कशाला? म्हणजे तो 58चा आकडा काही अंशी लाजेनं आणि भीतीनं खाली आलेला असू शकतो. 1967मध्ये जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकानं हेच धरलं. आकड्याआधी तो लिहिणारा कारकून बघा आणि लपवणारं घर बघा, असा त्याचा रोख. मानसिक आजारालाही डरखाईमनी फार कमी जागा दिली. आणि तार्दशी त्यांचं भांडण? नकलेमुळे देशाचा आकडा हलत नाही, असं डरखाईम म्हणाले. 1974मध्ये डेव्हिड फिलिप्सनं अमेरिकेतली वर्तमानपत्रं तपासली. पहिल्या पानावर अशी बातमी ठळक छापून आली की त्यानंतर आकडे वाढलेले दिसले. इथे तार्द जिंकले म्हणायचं. पण बोलण्यानं बिघडत नाही, कसं बोलतो त्यानं बिघडतं, हे डरखाईमनीही त्याच पुस्तकात नोंदवून ठेवलंय. म्हणून या लेखात कोण कसं गेलं याचे तपशील तुम्हाला सापडणार नाहीत. आणि हे वाचताना कोणाला स्वतःची किंवा मित्राची काळजी वाटली, तर टेलिमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो.

1902मध्ये ते पॅरिसला सोरबोनमध्ये गेले. भोवती हुशार पोरांचा गट होता, एक नियतकालिक आधीच निघालं होतं. मुलगा आंद्रे भाषाशास्त्रात चमकायला लागला.

मग 1914. आंद्रे सैन्यात गेला. गटातला लाडका रॉबर्ट हर्ट्झ एप्रिल 1915मध्ये मारला गेला. वर्षअखेरीस आंद्रे बाल्कनमध्ये बेपत्ता झाला. काही महिने घरात रोज टपालाची वाट. 1916मध्ये नक्की कळलं की तो डिसेंबरमध्येच गेला होता. त्याच सुमारास एका सिनेटरनं डरखाईमवर जर्मनांचे हस्तक असल्याचा आरोप भर सभागृहात केला.

एकटं पडण्यानं माणसाचं काय होतं, यावर पाचशे पानं लिहिलेला हा माणूस आपल्या दुःखात मिटून गेला. भेटायला येणाऱ्यांनी मुलाचा विषय काढू नये, अशी विनंती करायचा. आघाडीवर असलेल्या भाच्याला पत्रं जायची. आंद्रेचा मृत्युलेख मात्र त्यांनी स्वतः लिहिला, तीस वर्षांपूर्वी ओमेचा लिहिला होता तसा. 1916च्या शेवटी पक्षाघाताचा झटका आला. थोडं बरं वाटल्यावर नीतीवरच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं लिहिली. 15 नोव्हेंबर 1917ला ते गेले. वय 59.

मोस युद्धातून जिवंत परतला. मामा नाही, आंद्रे नाही, हर्ट्झ नाही. बंद पडलेलं नियतकालिक त्यानं पुन्हा सुरू केलं. 1925मध्ये आलेल्या त्या पहिल्या अंकाच्या सुरुवातीला त्यानं गेलेल्यांवर लांबलचक लेख लिहिला. मामांची कोणती व्याख्यानं राहिली, कोणत्या पोराचं कोणतं काम अर्धवट आहे, कोणाचे कागद कुठे ठेवलेत, सगळं एकेकाच्या नावानिशी.