हंसाबाई मेहता : मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील भारतीय स्त्रीचा आवाज

दरवर्षी १० डिसेंबर हा दिवस मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. १९४८ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या घडणीत श्रीमती हंसाबाई मेहता यांचा मोलाचा वाटा होता.

हंसाबाईंचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी झाला. वडील मनुभाई मेहता बडोदे संस्थानचे दिवाण होते. इंग्लंडमधील शिक्षणानंतर १९२४ साली डॉ. जीवराज मेहता यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी मुंबईत कार्य केले व कारावासही भोगला. पुढे घटना समितीच्या सदस्या या नात्याने १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने त्यांनी सभागृहाला राष्ट्रध्वज अर्पण केला.

राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात पुरुषवाचक शब्द होता. स्त्रियांना वगळण्यास तो निमित्त ठरेल, हे ओळखून त्यांनी तेथे सर्व मानव असा शब्द आणविला. परंतु केवळ शब्दांवर त्या समाधानी नव्हत्या. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हा येथे, हक्कांची अंमलबजावणी कशी व्हावी याचा विचार करणाऱ्या गटाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जाहीरनामा मात्र बंधनकारक झाला नाही आणि मानवी हक्कांचे जागतिक न्यायालय आजही अस्तित्वात नाही.

ही उणीव निर्वासित स्त्रियांना सर्वाधिक भोवली. त्याच काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य कॅथलिक स्त्रिया व मुले होती. १९४३ ते १९४८ या काळात त्यांना निवारा, शाळा व चर्च लाभले. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय संस्थांनीही त्यांचा भार उचलला. उलट, फाळणीत अपहृत झालेल्या हजारो स्त्रियांच्या वाट्याला असे आंतरराष्ट्रीय छत्र आले नाही. दोन्ही सरकारांनी त्यांचा शोध घेतला; परंतु कोठे राहावे याविषयी त्यांची स्वतःची इच्छा अनेकदा विचारातच घेतली गेली नाही.

१९५१ चा निर्वासितविषयक करार प्रारंभी १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. ती मर्यादा १९६७ साली उठली. छळाच्या कारणांत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट व राजकीय मत यांचा उल्लेख आहे; स्त्रीत्वाचा स्वतंत्र उल्लेख नाही. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही.

४ एप्रिल १९९५ रोजी हंसाबाईंचे निधन झाले. त्यांनी बदललेला शब्द आज जगभर प्रमाण मानला जातो. त्या शब्दामागे अंमलबजावणीचे बळ उभे करण्याचे त्यांचे कार्य मात्र अद्याप अपुरे आहे. ते पूर्ण होईपर्यंत, दारी आलेल्या निर्वासित स्त्रीचे रक्षण प्रथम तिला आसरा देणाऱ्या समाजाच्याच हाती राहते. वळिवड्याचा इतिहास याची साक्ष देतो.