तव्यावरचा उजेड : जेकब रीस

१८८८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीट भागात एक पोलीसवार्ताहर रात्री-अपरात्री कॅमेरा आणि चक्क एक तळणाचा तवा घेऊन हिंडत असे. तव्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची. क्षणभर लख्ख उजेड पडे आणि जिथे दिवसाही सूर्यप्रकाश पोहोचत नसे, ती खोली काचेवर उमटे. जेकब रीस हा मुळात छायाचित्रकार नव्हेच. नुसत्या लिहिण्याने शहर हलेना, म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला.

त्याचा जन्म १८४९ साली डेन्मार्कमधील रीबे गावी, एका शिक्षकाच्या घरी झाला. सुतारकाम शिकून तो १८७० मध्ये अमेरिकेस गेला. काम मिळेना. उपाशीपोटी तो पोलीस ठाण्यातील बेघरांच्या खोलीत निजू लागला. अशाच एका रात्री त्याचे सोन्याचे लॉकेट चोरीस गेले. तक्रार केली, तर त्यालाच हाकलून दिले आणि दाराशी वाट पाहणारे त्याचे कुत्रे पोलिसाने ठार मारले. ही रात्र तो विसरला नाही.

पुढे १८७७ मध्ये तो 'ट्रिब्यून'चा पोलीसवार्ताहर झाला. बेयर्ड स्ट्रीटवरील तेरा फूटही लांबी-रुंदी नसलेल्या एका खोलीत त्याला बारा स्त्रीपुरुष निजलेले आढळले. १८९० साली त्याचे 'हाऊ द अदर हाफ लिव्ह्‌ज' प्रसिद्ध झाले, आणि सुखवस्तू न्यूयॉर्कला आपले शेजारी प्रथमच दिसले.

मात्र झोपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांची परवानगी त्याने क्वचितच घेतली असेल. एकदा तर अंध भाडेकरूंच्या खोलीत त्याच्याच भुकटीने आग लागली; ती त्याने कशीबशी विझवली. चिनी, ज्यू, इटालियन लोकांविषयीचे त्याचे लेखन पूर्वग्रहांनी भरलेले आहे. आज ते वाचताना मन खट्टू होते. चित्रे मात्र त्या लेखनाहून उदार वाटतात.

थिओडोर रूझवेल्ट १८९५ मध्ये पोलीस मंडळाचा अध्यक्ष झाला. रीसने त्याला रात्रीचे शहर पायी हिंडून दाखविले. १८९६ मध्ये ठाण्यांतील त्या खोल्या बंद झाल्या. मलबेरी बेंडची कोंदट वस्ती पाडून तेथे १८९७ मध्ये बाग झाली.

रीस १९१४ मध्ये वारला. त्याच्या काचा घरातच धूळ खात पडल्या होत्या. छायाचित्रकार अलेक्झांडर अ‍ॅलंडने त्यांचा माग काढला आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. मूळ पुस्तकात कित्येक चित्रे रेखाटने म्हणून छापली होती, उरलेली पुसट होती. आता प्रथमच त्या माणसांचे चेहरे स्वच्छ दिसले.