सायकलवाले किर्लोस्कर

डिसेंबर लागला की नागपूरच्या पहाटेला एक नवे दृश्य दिसू लागते. फुटाळ्यावर धुके असते, टपरीवाल्याची शेगडी नुकती पेटलेली असते आणि वर्धा रोडच्या नाहीतर काटोल रोडच्या दिशेने दहा-बारा सायकलवाले एकामागे एक सुळकन निघून जातात. डोक्याला हेल्मेट, हातात मोजे, आणि सायकलीची किंमत विचारू नये हे बरे. तासाच्या भाड्याने आणलेल्या, घडोघडी चेन उतरणाऱ्या सायकलीवर कैची मारताना ज्यांनी गुडघे फोडून घेतले, त्या आमच्या पिढीला हे वैभव पाहून मौज वाटते. त्याहून मौज वाटते ती घरात सायकल चालवणाऱ्यांची. मागचे चाक एका लोखंडी घोडीत अडकवायचे, समोर पंखा लावायचा आणि तासभर पाय मारत राहायचे. घाम गाळून झाला तरी स्वार आपला दिवाणखान्यातच! विलायतेत हा प्रकार हिवाळ्यात चालतो, कारण बाहेर बर्फ. आपल्याकडे हिवाळा हाच सायकलीचा खरा मोसम. इथे ती घोडी माळ्यावरून खाली येते मे महिन्यात, पारा ४५ अंशांना टेकला की.

या घरातल्या स्वारांना मीही पुष्कळ हसलो आहे. पण मध्यंतरी एका माणसाचे चरित्र पुन्हा चाळताना ते हसू ओसरले. त्या माणसाने ऐन तारुण्यातली काही वर्षे अशीच चार भिंतींच्या आत, एका जागी उभे राहून पाय मारण्यात घालवली होती. पुढे तो रस्त्यावर उतरला तेव्हा त्याच्या बरोबरीने धावणारे फार थोडे निघाले. आणि गंमत अशी, की त्याचे रस्त्यावर उतरणेही सायकलीवरूनच झाले.

किर्लोस्कर हे नाव घेतले की विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? काटोल-नरखेडच्या संत्राबागायतदाराला विहिरीवरचा पंप आठवेल. जुन्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर आठवेल. वाचनालयात ज्यांचे बालपण गेले त्यांना मासिक, आणि नाटकवेड्यांना थेट संगीत सौभद्रवाले अण्णासाहेब. (अण्णासाहेबही त्याच गावचे, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.) सायकल मात्र कोणालाही आठवणार नाही. तरीही हे उद्योगघराणे आपले वय मोजते ते १८८८ सालापासून, आणि त्या साली नांगर नव्हता, पंप नव्हता, मासिक नव्हते. होते ते बेळगावातले एक सायकलीचे दुकान.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशीनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घर शास्त्राधाराने चालणारे. या मुलाचे लक्ष मात्र पोथीत नव्हते. ते दोनच गोष्टींत होते, चित्रे काढण्यात आणि यंत्रे खोलून पाहण्यात. दोन्ही विद्या त्या घरात उपयोगाच्या नव्हत्या. वडिलांचा विरोध होता, पण थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाची बाजू उचलली आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. धाकट्याच्या छंदावर थोरल्याने पैसे लावण्याची ही पहिली वेळ. शेवटची नव्हे.

दोन वर्षांनी कळले की या चित्रकाराला रंग नीट दिसत नाहीत. आंशिक रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या सोळा-अठरा वर्षांच्या मुलाला हे कळणे म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. घरचा विरोध पत्करून आलो, भावाचे पैसे खर्चले, आणि डोळ्यांनीच दगा दिला. लक्ष्मणने चित्रकला सोडली, पण परतीची गाडी धरली नाही. रंगांशी ज्याचा संबंध नाही असे एक चित्र उरले होते, ते यंत्रांचे. काळ्या रेघांचे, मापांचे, कोनांचे. त्या यांत्रिक ड्रॉइंगच्या बळावर त्याला मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या व्हीजेटीआयमध्ये, सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली.

वर चार भिंतींतली तालीम म्हटले ती ही. वर्ग सुटला की हा मास्तर घरी जात नसे, वर्कशॉपमध्ये जाई. यंत्र कसे चालते, कुठे झिजते, कशाने थांबते, हे हात काळे करून शिकत बसे. त्यासाठी वेगळा पगार नव्हता, त्याची परीक्षा नव्हती, पदवीही मिळायची नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला तो जागच्या जागी पाय मारणारा माणूसच वाटला असेल.

याच मुंबईत त्याने आयुष्यात प्रथमच एका माणसाला सायकलीवर बसून जाताना पाहिले.

आज यात नवल वाटणार नाही. पण तो काळ लक्षात घ्यावा. दोन्ही चाके सारख्या आकाराची, मागच्या चाकाला साखळीने ओढणारी सायकल इंग्लंडात स्टार्लीने बाजारात आणली १८८५ साली. त्याआधीच्या सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे आणि तीवरून पडणे म्हणजे हाड मोडणे. हवा भरलेली टायर डनलॉपने तयार केली ती थेट १८८८ मधली. म्हणजे बेळगावात किर्लोस्करांचे दुकान निघाले ते सायकल जगातच नवी असताना. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत, बेळगावला पाठवत. रामूअण्णा तिकडे त्या विकत. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये! खेड्यातल्या शाळामास्तराला वर्षाकाठीही एवढे दिसत नसत. आणि ज्याने हा खर्च केला, त्याला ती चालवायला शिकवण्याची रामूअण्णांची फी वेगळी, १५ रुपये.

या १५ रुपयांपाशी मी बराच अडखळलो. पहिली प्रतिक्रिया आपल्या सगळ्यांची होईल तीच, की हजार रुपये घेतल्यावर वर शिकवणीचे कसले घेता? पण त्या काळची सायकल शिकणे सोपे नव्हते. तिला फ्रीव्हील नव्हते. चाक फिरते आहे तोवर पेडल फिरणारच. पाय स्थिर ठेवून उतारावरून आरामात घरंगळण्याची सोय नाही. युरोपातले जुने शर्यतवाले हिवाळ्यात मुद्दाम असल्या सायकली चालवीत, पायांना अखंड फिरण्याची सवय लागावी म्हणून. पण तो पट्टीच्या स्वाराचा व्यायाम. ज्याने कालपर्यंत बैलगाडीशिवाय दुसरे वाहन पाहिले नाही, त्याचे काय झाले असेल? तोल जातो त्या बाजूला हँडल वळवायचे, ही सायकलीची मूळ विद्या अंगाच्या उपजत समजुतीच्या उलट आहे. ती सांगून कळत नाही. घोडीवर अडकवलेल्या सायकलीवर तर ती मुळीच येत नाही, कारण तिथे पडण्याची सोयच नसते. कोणीतरी सीट धरून मागे धावावे लागते, आणि नेमक्या क्षणी हात सोडावा लागतो.

किर्लोस्करांच्या धंद्याची सगळी गोम मला इथे दिसते. यंत्र विकणे हा अर्धाच व्यवहार. ते वापरणारा माणूस तयार करणे हा उरलेला अर्धा. बेळगावातल्या त्या दुकानात हा धडा रोख १५ रुपयांच्या हिशेबात गिरवला गेला. पुढे लक्ष्मणरावांनी जे जे काही विकले त्यात ग्राहकाच्या मागे असे धावणे त्यांना चुकले नाही.

इकडे मुंबईत नोकरी चालूच होती. वरची जागा रिकामी झाली. काम पाहता ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला. त्या काळच्या सरकारी रिवाजात हे नेहमीचे होते, आणि नेहमीचे होते म्हणूनच बहुतेक जण गप्प बसून पुढच्या बढतीची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. डोळ्यांनी एकदा रस्ता बंद केला होता, आता कातडीच्या रंगाने केला. रंगांशी त्यांचे काही जमायचे नव्हते हेच खरे!

बेळगावात आल्यावर दुकानाचे हळूहळू कारखान्यात रूपांतर झाले. अमेरिकी बनावटीच्या पवनचक्क्यांची एजन्सी झाली. मग कडबा कापण्याचे यंत्र स्वतः बनवले, मग लोखंडी नांगर. सायकल मागे पडली. परक्याने केलेली वस्तू आणून विकण्यापेक्षा इथल्या शेतकऱ्याला लागणारी वस्तू इथेच घडवावी, याकडे त्यांचा ओढा होता आणि तो बरोबर होता. तरी एक रुखरुख राहतेच. या माणसाने सायकल बनवायला घेतली असती तर? आपल्याकडे सायकलींचे कारखाने खऱ्या अर्थाने उभे राहायला पुढे जवळपास अर्धे शतक जावे लागले. असो.

नांगराने मात्र त्यांचा अंत पाहिला. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून राहिला म्हणजे कर्ज, भाडे, कामगारांची मजुरी, घरातली कुजबुज हे सगळे आलेच. सायकल विकत घेणारा निदान हौशी होता, पैसेवाला होता, पडला तर हसून उठणारा होता. शेतकऱ्याच्या मागे धावणे वेगळे. तो पडला तर वर्षाचे पीक जाते. त्याची शंका हा अडाणीपणा नव्हता, तो त्याचा हिशेब होता. आणि हा हिशेब चुकीचा आहे असे भाषणाने पटत नाही, शेतात पटते. लक्ष्मणराव थांबले. त्यांच्या चिकाटीचे गोडवे पुष्कळांनी गायले आहेत, पण त्या दोन वर्षांत दुकान उघडे ठेवण्यासाठी घरच्यांनी, विशेषतः रामूअण्णांनी आणि पत्नी राधाबाईंनी काय सोसले असेल, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

नांगर चालू लागला आणि १९१० च्या जानेवारीत बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. शहराच्या वाढीसाठी जागा हवी, कारखाना हलवा. तिसऱ्यांदा पायाखालची वाट गेली. या वेळी हात दिला औंधच्या राजाने. बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आले होते. हा राजाही वेगळाच. स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्कारांचा कट्टर पुरस्कर्ता. रोज पहाटे राजवाड्यात नमस्कार घालणाऱ्या त्या राजाला घरातल्या तालमीचे मोल कोणी समजावून सांगायला नको होते. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि नागांची वस्ती. मार्च १९१० मध्ये २५ कामगार आपापली कुटुंबे घेऊन तिथे उतरले. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच; पुढे स्टेशनालाही तिचेच नाव मिळाले.

वाडीची कथा अनेकवार सांगून झाली आहे, ती इथे लांबवत नाही. तिथे जातिभेद पाळला जात नसे, आणि तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्यांना कामावर, प्रसंगी राखणदारीवरही, ठेवले जाई, एवढे नोंदवणे पुरे. पडलेल्या माणसाला पुन्हा उभे करून त्याच्या हाती हँडल देण्याचीच ही एक तऱ्हा. १९२० साली पुतण्या शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याचे हे पत्रक पुढे मराठी घराघरांतले मासिक झाले. १९२२ साली मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेला. १९२६ मध्ये पंप आले. वेदांत्याच्या घरातला ड्रॉइंग मास्तर आता कारखानदार म्हणून देशभर ओळखला जात होता.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि नंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. जिथे माणसांची जात विचारली जात नव्हती, तिथे मालकाच्या जातीपायी आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात आपले आयुष्य जळताना पाहणाऱ्या माणसाने काय करावे? कारखाना पुन्हा सुरू झाला. त्याच माळावर, तोच व्यवसाय.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्याच वर्षी लुधियानात मुंजाल बंधूंनी हीरो सायकल सुरू केली आणि पाहता पाहता सायकल इतकी स्वस्त झाली की खेड्यातला शिक्षक, दूधवाला, पोस्टमन सगळेच तिच्यावर बसले. शिकवण्याची फी तोवर केव्हाच बंद झालेली होती; ते काम थोरला भाऊ फुकट करू लागला होता, सीट धरून, मागे धावत. बेळगावात रामूअण्णांनी जिथे दुकान मांडले, त्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.