पोरगं बेशुद्ध पडलं तरी फाळकेंचा कॅमेरा थांबला नव्हता, 'राजा हरिश्चंद्र'साठी अख्खं घर राबलं होतं

पिंपरी-चिंचवडमध्ये आज बाळ महिन्याचं झालं की त्याचं फोटोशूट होतं. कधी टोपलीत, कधी कलिंगडाच्या फोडींमध्ये, तर कधी बाळकृष्णाच्या वेशात. चाकणच्या कंपनीत नाईट शिफ्ट करून आलेला बाप डोळे चोळत खुळखुळा वाजवतो, आई घामाघूम होते आणि बाळ नेमकं फोटोच्या वेळी भोकाड पसरतं.

आपल्याच लेकरांना कॅमेऱ्यासमोर उभं करायचं हे वेड महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनं आहे. ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कुणाला लागलं असेल, तर धुंडिराज गोविंद फाळके यांना. म्हणजेच दादासाहेब फाळके.

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांचा पहिला धंदा फोटोग्राफीचा होता आणि त्यांच्या पहिल्या बालकलाकाराचं आडनावही फाळकेच होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला त्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित. धुंडिराज मात्र मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथं त्यांच्या हाती कॅमेरा आला. मग त्यांनी गुजरातमधल्या गोध्रा इथं स्वतःचा फोटो स्टुडिओ टाकला.

हा स्टुडिओ टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेगची साथ आली आणि त्यात फाळकेंची पहिली बायको आणि मूल दोघंही गेले. दुसऱ्यांच्या कुटुंबांचे फोटो काढणाऱ्या माणसाचं स्वतःचं कुटुंब असं संपलं. गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले. पण तिथंही धंदा बसेना, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो, असा तेव्हा लोकांचा समज होता.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. मुलगी होती किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली. लग्नानंतर तिचं नाव सरस्वती ठेवलं. पुढच्या गोष्टीत ही सरस्वतीबाई फाळकेंच्या बरोबरीची आहे, हे लक्षात असू द्या.

पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी करून झाल्यावर फाळकेंनी छापखाना टाकला, तो लोणावळ्यात. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करत जाणारी पुण्याची लोकल आज जिथं संपते तेच लोणावळा. राजा रविवर्म्यांच्या प्रेसचं कामही त्यांच्याकडे असायचं. पुढं छापखाना दादरला हलला, जर्मनीची वारी झाली, भागीदाराशी बिनसलं आणि चाळिशीत फाळके पुन्हा मोकळे झाले.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस नावाचं थिएटर होतं. फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन तिथं गेले. पडद्यावर चालते-फिरते प्राणी दिसले. पोरानं घरी येऊन आईला सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना. मग फाळके सगळ्यांनाच घेऊन गेले. त्या वेळी पडद्यावर येशू ख्रिस्ताचा जीवनपट सुरू होता. तो बघताना फाळकेंच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, हा किस्सा प्रसिद्धच आहे. पण त्याची सुरुवात एका लहान पोराच्या थापेसारख्या वाटणाऱ्या गोष्टीतून झाली होती.

त्यानंतर फाळकेंनी अभ्यासापायी झोप इतकी कमी केली की त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. मग विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले, तंत्र शिकले आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले.

पैसा लावायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला. महिनाभराहून जास्त दिवस त्याचं थोडं थोडं शूटिंग केलं आणि वाटाण्याचा वेल काही क्षणांत वाढताना दाखवला. या छोट्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती बघून कर्ज मिळालं, तरी ते पुरणार नव्हतं. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले.

तेव्हाची कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कडेला ठराविक अंतरावर भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकायची नाही. हे काम पूर्ण अंधारात करायचं, कारण उजेडाची तिरीप आली तरी फिल्म बाद. दिवसभर घर सांभाळून रात्री अंधाऱ्या खोलीत बसून ही भोकं पाडायच्या सरस्वतीबाई. फिल्म धुणं आणि रसायनं कालवणं त्या शिकल्या. शूटिंगला लाईट नसायचे, सगळं उन्हावर. म्हणून कलाकारांच्या तोंडावर उजेड पडावा यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभं राहायच्या त्याच. शिवाय ६०-७० माणसांचा स्वयंपाक आणि पदरात लहान मुलं. आजच्या भाषेत सांगायचं तर असिस्टंट कॅमेरामन, लॅब टेक्निशियन, लाईटमन आणि केटरिंग, सगळं एकाच बाईकडं होतं. श्रेयनामावलीत मात्र तिचं नाव शोधावं लागतं.

आता प्रश्न आला कलाकारांचा. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, हे सगळ्यांना माहिती आहे. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पण रोहिदाससाठीसुद्धा पोरगा मिळत नव्हता. हरिश्चंद्राचा हा मुलगा गोष्टीत रानोमाळ भटकतो आणि मरतो. पोटच्या पोराला खोटं खोटं का होईना, सरणावर ठेवायला कोणते आईबाप तयार होतील?

एकच जोडपं तयार झालं. फाळके नवरा-बायको. भालचंद्र रोहिदास झाला.

आणि मग शूटिंगच्या वेळी खेळता खेळता भालचंद्र पडला. डोक्याला मार लागला आणि पोरगं बेशुद्ध झालं. प्रथमोपचार झाले. पोराला मुंबईला न्यावं, बरं वाटेपर्यंत काम थांबवावं, असं बरोबरच्या मंडळींचं म्हणणं होतं. त्या वेळी चित्रित व्हायचा होता तो नेमका रोहिदासच्या मृत्यूचा प्रसंग. सरणावरच्या मुलाला हालचाल करायची नव्हती आणि भालचंद्र तशीही करत नव्हता.

फाळकेंनी तो प्रसंग तशाच अवस्थेत चित्रित केला.

हा किस्सा बहुतेक वेळा कामावरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. पण बाप म्हणून बघितलं तर तो पचत नाही. ज्या माणसानं एक मूल प्लेगमध्ये गमावलं होतं, तो दुसऱ्या मुलाला बेशुद्ध असताना सरणावर ठेवतो. दागिने गेले होते, कर्ज डोक्यावर होतं, थांबलेला प्रत्येक दिवस खर्चाचा होता, हे सगळं खरं. तरीही त्या दिवशी कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला सांगणारा माणूस दिग्दर्शक होता, बाप नव्हता. भालचंद्र यातून बरा झाला, म्हणून आज हा किस्सा कौतुकानं सांगता येतो.

सुमारे सात महिन्यांत चित्रपट पूर्ण झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढं काय झालं तो इतिहास आहे.

त्यानंतर फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. तिथल्या 'मोहिनी भस्मासूर'मध्ये पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांचीच मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. अभिनेते विक्रम गोखले हे याच कमलाबाईंचे नातू. म्हणजे पडद्यावर आलेल्या पहिल्या बायकाही मायलेकीच होत्या.

मग पाळी आली फाळकेंच्या लेकीची. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली मंदाकिनी फाळके, वय सातच्या आसपास. आणि इथं फाळकेंनी एक भारी गोष्ट केली. चित्रपट सुरू होताना कृष्ण दिसतच नाही. आधी दिसते ती मंदाकिनी. एक लहान मुलगी कॅमेऱ्याकडं बघून चेहऱ्यावरचे भाव बदलत राहते आणि मग तिचाच कृष्ण होतो. ही माझी पोरगी, आता बघा ही काय करते, असंच जणू बाप प्रेक्षकांना सांगत होता. सरणावरच्या त्या प्रसंगात जो बाप हरवला होता, तो इथं पुन्हा सापडतो असं म्हटलं तर चुकीचं ठरू नये.

फाळकेंचा शेवटचा काळ ओढगस्तीचा गेला. कंपनीतल्या भागीदारांशी खटके उडाले, कुटुंबाला घेऊन ते काशीला जाऊन राहिले, परत आले. तोवर बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना गेला. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते वारले.

त्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. 'कालिया मर्दन'चा मात्र बराचसा भाग वाचला आणि तो पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपला. इंटरनेटवरही बघायला मिळतो. अगदी सुरुवातीची काही मिनिटं बघितली तरी ती मुलगी दिसते, कधी हसणारी, कधी रागावलेली, कॅमेऱ्यामागं बाप उभा असलेली.