न्यायाची किंमत कोणी मोजावी?

कायद्यापुढे सर्व समान, हे तत्त्व पाठ्यपुस्तकात सोपे वाटते. परंतु न्यायालयात वकिलाची फी मोजावी लागते. ती ज्याला परवडत नाही त्याच्या वाट्याला ही समानता कितपत येते, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे. अमेरिकेत तो ऐरणीवर आणला क्लॅरेन्स अर्ल गिडियन या एका कफल्लक कैद्याने.

मिझुरी राज्यातील हॅनिबल गावी १९१० साली जन्मलेल्या गिडियनने किशोरवयातच घर सोडले. पुढील आयुष्य भटकंती, मोलमजुरी, चोऱ्या आणि तुरुंगवास यांत गेले. जून १९६१ मध्ये फ्लॉरिडातील पनामा सिटी येथे बिलियर्डच्या एका अड्ड्यात घरफोडी झाली व तिचा आळ त्याच्यावर आला. त्याने सरकारी खर्चाने वकील मागितला. फ्लॉरिडाच्या कायद्यानुसार असा वकील केवळ देहदंडाच्या खटल्यातच मिळे. न्यायाधीशांनी नकार दिला. अल्पशिक्षित गिडियनने स्वतःच उलटतपासणी केली आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

फौजदारी कायदा तेथे प्रत्येक राज्याचा वेगळा. सर्व गरीब आरोपींना वकील देण्याची सक्ती राज्यांवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४२ साली ठरविले होते. गिडियनने जानेवारी १९६२ मध्ये तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहून त्याच न्यायालयाकडे दाद मागितली. न्यायालयाने त्याच्या बाजूने एब फोर्टस या नामवंत वकिलाची नेमणूक केली. विशेष म्हणजे २०हून अधिक राज्यांनी गिडियनला पाठिंबा दिला. १८ मार्च १९६३ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने जुना निर्णय रद्द केला.

ऑगस्टमध्ये खटला पुन्हा चालला. न्यायाधीश तेच, आरोपही तोच. मात्र या वेळी आरोपीच्या बाजूला वकील उभा होता. ज्यूरीने सुमारे तासाभरात त्याला निर्दोष ठरविले.

चोराचिलटांसाठी करदात्याने पैसे का मोजावेत, असा आक्षेप घेतला जातो. परंतु पोलीस आणि सरकारी वकील यांचा खर्चही करदाताच सोसतो. तराजूच्या एकाच पारड्यात सार्वजनिक पैसा टाकून त्याला न्याय कसे म्हणावे? शिवाय आरोपी हा गुन्हेगार ठरलेला नसतो, हे गिडियनच्या सुटकेनेच दाखवून दिले.

१९७२ साली तो वारला, तेव्हाही निर्धनच होता. त्याच्या निकालानंतर सरकारी बचाव-वकिलांची व्यवस्था राज्याराज्यांत वाढली. मात्र अनेक ठिकाणी त्यांच्यावरील खटल्यांचा बोजा असह्य आहे. आपल्याकडेही १९७६ साली घटनेत मोफत कायदेसाहाय्याचे कलम ३९-अ आले. हक्क निकालपत्रात जन्मतो, हे खरे. पण तो जगतो अंदाजपत्रकातील तरतुदीवर, याचा विसर पडू नये.